दोन शेजारी देशांचं वाहतूक नियोजन जुळवायचं, तर आधी सीमेवरची मोजणी जुळवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन शेजारी देशांच्या सीमाभागातल्या नियोजन खात्यांना रस्ते आणि रेल्वेचं नियोजन मिळून करायचं आहे. सामंजस्य करारावर सह्या झाल्या, दोन-तीन बैठकाही झाल्या, पण पुढे काही हलत नाही. कोणाला बसवायचं, कोणते कागद करायचे आणि कुठल्या क्रमानं?

क्रमापासूनच सुरुवात करतो, कारण बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच अडते. आधी करार, मग समिती, मग दोन्ही बाजूंच्या प्रकल्पांची यादी आणि सगळ्यात शेवटी आकडेवारी, अशी चाल नेहमी दिसते. ती उलटी करा. एकच मार्ग निवडा, त्यावर दोन्ही बाजूंनी एकाच पद्धतीनं मोजणी करा, दोन्हीकडचे नकाशे एकमेकांना जुळवा, आणि त्यातून जे अडथळे दिसतील तेवढ्यापुरताच करार मागा. आकडे वेगवेगळे असले की प्रत्येक बैठक 'आमच्या हिशोबानं एवढ्या गाड्या, तुमच्या हिशोबानं तेवढ्या' यातच संपते.

मार्ग निवडताना अख्खी सीमा डोळ्यांसमोर ठेवू नका. दोन्ही बाजू मिळून शंभर ते तीनशे किलोमीटरचा पट्टा पुरे. त्याच्या दोन टोकांना मोठं शहर, बंदर किंवा रेल्वे जंक्शन असावं, आज त्यावर खरी वाहतूक असावी, आणि दोन्ही देशांचं काही ना काही मंजूर काम येत्या पाच वर्षांत त्यावर होणार असावं. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. एका बाजूचा पैसा आधीच ठरलेला आणि दुसऱ्या बाजूला नुसती इच्छा असेल, तर ती चर्चा लवकरच विनंत्यांची देवाणघेवाण होऊन बसते.

आता मोजणी. सीमेवरच्या आकड्यांत फरक का पडतो, ते आधी समजून घ्या. एका देशाचं कस्टम्स खातं गाड्या मोजत नाही, जाहीरनामे (मालाची माहिती देणारे कस्टम्सचे अर्ज) मोजतं. एका जाहीरनाम्यात तीन ट्रक असू शकतात. रस्ते खात्याचं यंत्र एक्सल (चाकांना जोडणारे आस) मोजतं आणि त्यातून वाहनांची संख्या काढतं. इमिग्रेशन माणसं मोजतं. रिकामे परतणारे ट्रक एका बाजूच्या नोंदीत असतात, दुसरीकडे नसतात. त्यात वाहनांचे वर्ग वेगळे: एकीकडे छोटा टेम्पो हलक्या वाहनांत, दुसरीकडे मालवाहू वाहनांत. म्हणून पहिल्या संयुक्त बैठकीचं एकच काम ठेवा: आठ-दहा वर्गांचा एक समान तक्ता, प्रत्येक वर्गासमोर चित्र, आणि त्यापुढे दोन्ही देशांच्या जुन्या वर्गांशी जुळणी. चित्र का? 'मध्यम मालवाहू' या शब्दाचं भाषांतर दोन्हीकडे बरोबर होतं आणि अर्थ मात्र वेगळा निघतो. चित्राबाबत तसं होत नाही.

मोजणी सलग सात दिवस, चोवीस तास, दोन्ही बाजूंनी एकाच आठवड्यात करा. आठवडा निवडताना दोन्हीकडच्या सुट्ट्या पाहा. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी, भारतात पाच दिवसांच्या कार्यालयांना शनिवार-रविवार; म्हणजे दोन्हीकडे कामाचे दिवस सोमवार ते गुरुवार असे चारच उरतात, आणि रविवारची रांग सोमवारच्या आकड्यात मिसळते. घड्याळही ठरवून घ्या. भारत आणि नेपाळच्या वेळेत पंधरा मिनिटांचा फरक आहे. नोंद कुठल्या वेळेनं करायची हे लिहून ठेवलं नाही, तर गाडी पलीकडे निघण्याआधीच पोहोचल्याचं तक्ता सांगतो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सर्व नोंदी जागतिक प्रमाणवेळेत करायच्या आणि अहवालात तेवढ्या स्थानिक वेळेत द्यायच्या.

नुसती संख्या पुरत नाही, वेळही मोजावी लागते. जागतिक सीमाशुल्क संघटनेची माल सुटण्याचा वेळ मोजण्याची पद्धत आहे, तिचाच आधार घ्या. प्रत्येक ट्रकच्या नोंदी अशा: रांगेच्या शेपटाला लागला तो क्षण, फाटकातून आत आला, कागद दिले, तपासणी सुरू, तपासणी संपली, सुटका झाली, फाटकाबाहेर पडला, मग पलीकडे हेच सगळं पुन्हा. दोन्ही बाजूंच्या नोंदी नंबरप्लेटनं जोडायच्या. ट्रेलर आणि ओढणारं वाहन यांचे नंबर वेगळे असतात, म्हणून दोन्ही लिहा. सीमेवर ओढणारी गाडी बदलली, तर ट्रेलरच्या नंबरावरूनच माग लागतो. दर दिशेला तीन-चारशे पूर्ण जोड्या मिळाल्या तर निष्कर्ष टिकतात.

या मोजणीत दोन चुका हमखास होतात. पहिली, रांग फाटकापासून मोजली जाते. खरी रांग दोन-तीन किलोमीटर मागे, एखाद्या पार्किंगच्या मैदानात उभी असते आणि कोणाच्याच आकड्यात येत नाही. दुसरी, सरासरी दिली जाते. सरासरीनं काही कळत नाही. मध्यक द्या, म्हणजे निम्म्या गाड्या ज्याच्या आत सुटल्या ती वेळ, आणि दहापैकी नऊ गाड्या किती वेळात सुटल्या तो आकडा द्या. वाहतूकदार आपला वेळ या दुसऱ्या आकड्यावरून धरतो. मध्यक चार तास आणि नव्वद टक्क्यांचा आकडा तीस तास असेल, तर पूल रुंद करून फार काही साधणार नाही. काही थोड्या मालाची तपासणी कुठेतरी अडते आहे, बहुधा प्रयोगशाळेच्या दाखल्यावर किंवा बँकेच्या वेळेवर. असं एकदा कागदावर दिसलं की पुढच्या बैठकीचा सूर बदलतो, कारण आता भांडायला बाजू नाही, सोडवायला अडचण आहे.

नकाशांची गोष्टही अशीच. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यामध्ये ऱ्हाईनवर लाउफेनबुर्ग इथे पूल बांधताना २००३ साली लक्षात आलं की दोन्ही बाजूंच्या उंचीत ५४ सेंटीमीटरचा फरक पडतो आहे. जर्मनी समुद्रसपाटी उत्तर समुद्रावरून धरतो, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्रावरून. त्या दोन शून्यांत २७ सेंटीमीटरचं अंतर आहे. हे अभियंत्यांना ठाऊक होतं आणि दुरुस्तीही केली होती, पण अधिक-उणे चिन्ह उलटं पडलं आणि फरक मिटायच्या ऐवजी दुप्पट झाला. चूक माहितीच्या अभावी झाली नाही, ही यातली शिकण्याची गोष्ट. दुरुस्ती कोणी करायची आणि कोणी तपासायची, हा दुवा निसटला होता. म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पक्के बेंचमार्क (उंची ठरवून दिलेल्या कायमच्या खुणा) घ्या, दोन्ही देशांच्या पथकांनी एकत्र उभं राहून प्रत्यक्ष मोजा, आणि प्रत्येक बेंचमार्कची उंची दोन्ही पद्धतींत एकाच कागदावर लिहून दोन्ही सर्वेक्षण खात्यांची सही घ्या. रस्त्याचे किलोमीटर सीमेवर कुठल्या आकड्याला मिळतात तेही त्याच कागदावर हवं. अपघाताच्या वेळी 'किलोमीटर ४२' म्हणजे कोणाचा ४२, हा प्रश्न उठायला नको.

यानंतर तांत्रिक मानकांचा तक्ता. रस्त्यासाठी एक्सल भार, एकूण वजन, लांबी, उंची, चालण्याची बाजू, पुलांची क्षमता. रेल्वेसाठी गेज (दोन रुळांमधलं अंतर), वीजदाब, सिग्नल यंत्रणा, भारमर्यादा, लूप लाइनची (गाडी बाजूला उभी करण्याच्या रुळाची) लांबी आणि चालकाची भाषा. प्रत्येक ओळीत तीन रकाने: हा देश, तो देश, आणि फरक कुठे व कसा मिटणार. तिसऱ्या रकान्यात जागा लिहावीच लागते. थायलंड डाव्या बाजूनं चालतो, लाओस उजव्या. १९९४ मध्ये मेकाँगवर पहिला मैत्री पूल झाला तेव्हा पुलावर डावी बाजूच ठेवली आणि लाओसच्या टोकाला सिग्नल लावून गाड्यांची बाजू बदलण्याची सोय केली. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या ओरेसुंड दुव्यावर २००० सालापासून गाड्या धावतात. डेन्मार्कची रेल्वे २५ किलोव्होल्ट ५० हर्ट्झवर, स्वीडनची १५ किलोव्होल्ट १६.७ हर्ट्झवर, म्हणून गाड्याच दोन्ही दाबांवर चालणाऱ्या घ्याव्या लागल्या. चीन-कझाकस्तान सीमेवर खोर्गोसला १,४३५ मिलिमीटरच्या गेजवरून १,५२० च्या गेजवर कंटेनर क्रेननं उचलून ठेवतात. फरक मिटवायचा, गाडीवर टाकायचा की यार्डात सोसायचा, असे तीन मार्ग आहेत, आणि प्रत्येकाचा खर्च वेगळ्या खिशातून जातो. तो खिसा कोणाचा, हे तक्त्यातच ठरवा.

एक्सल भार आणि एकूण वजन या ओळींना जास्त वेळ द्या. दोन मर्यादांपैकी कमी असलेली मर्यादा अख्ख्या मार्गाची मर्यादा होते, आणि ती फार कमी असेल तर वाहतूक दुसऱ्या देशातून वळसा घालते. स्वित्झर्लंडनं ट्रकसाठी २८ टनांची मर्यादा ठेवली होती, तेव्हा आल्प्स ओलांडणारे जड ट्रक ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधून जात. १९९९ च्या युरोपीय संघाबरोबरच्या करारातून ही मर्यादा टप्प्याटप्प्यानं वाढली: २००१ पासून ३४ टन, २००५ पासून ४० टन. सोबत २००१ पासूनच अंतर आणि वजन यांवर जड वाहनांचा कर सुरू झाला. एका बाजूनं सवलत, दुसऱ्या बाजूनं शुल्क, आणि दोन्हींचं वेळापत्रक आधी जाहीर. मानकं जवळ आणण्याचा याहून चांगला नमुना मला दिसत नाही.

पुढचा मुद्दा म्हणजे जोडमार्ग. सीमेवरचं भव्य काम वेळेत होतं आणि त्याला जोडणारी लाइन मागे राहते, हे इतक्या वेळा घडलं आहे की ते गृहीत धरूनच नियोजन करावं. स्वित्झर्लंडचा ५७ किलोमीटरचा आल्प्सच्या तळातून जाणारा गोटहार्ड रेल्वे बोगदा २०१६ मध्ये खुला झाला. त्याकडे येणाऱ्या जर्मन मार्गाची क्षमता वाढवण्याबद्दल दोन्ही देशांनी १९९६ मध्ये लुगानो इथे करार केला होता, तरी कार्ल्सरूह ते बाझेल हा मार्ग चौपदरी करण्याचं काम बोगदा खुला झाला तेव्हाही अपुरंच होतं. कारण सरळ आहे. बोगदा हा राष्ट्रीय प्रकल्प असतो, जोडमार्ग गावागावांतून जातो. आवाजाच्या तक्रारी, जमीन आणि आराखड्यावरच्या हरकती तिथे येतात. म्हणून करारात 'जोडमार्ग योग्य वेळी पूर्ण करू' असलं वाक्य स्वीकारू नका. मधले टप्पे लिहून घ्या: आराखड्याला मान्यता, जमीन ताब्यात, निविदा, काम सुरू. प्रत्येकासमोर वर्ष, आणि टप्पा चुकला तर सहा महिन्यांत पर्यायी क्षमतेचा प्रस्ताव द्यायची जबाबदारी. दंडाची कलमं देशादेशांत फारशी चालत नाहीत. पर्याय मांडण्याची सक्ती चालते.

आता टेबलाभोवती कोण. परराष्ट्र खातं हवंच, पण अध्यक्षपद वाहतूक खात्याकडे असावं. रस्ते, रेल्वे, कस्टम्स, इमिग्रेशन, वनस्पती व पशू विलगीकरण, सीमा सुरक्षा दल, सर्वेक्षण खातं, आणि सीमेलगतचं राज्य वा प्रांत व पालिका. शेवटचे दोन बहुधा विसरले जातात, आणि रांग त्यांच्याच रस्त्यावर उभी राहते. अमेरिका आणि मेक्सिको यांची वाहतूक नियोजनाची संयुक्त कार्यसमिती १९९४ च्या सामंजस्य करारातून उभी राहिली. तिच्यात दोन्ही संघीय खात्यांसोबत सीमेवरची अमेरिकेची चार आणि मेक्सिकोची सहा राज्यं बसतात. सीमेच्या एकेका भागाचे बृहद्आराखडे त्यातूनच निघाले. तिथे काम पुढे नेणारी रचना हीच आहे: वर धोरण ठरवणारी मोठी समिती, खाली एकेका भागापुरता छोटा तांत्रिक गट. तांत्रिक गटात दर देशाचे पाच-सहा लोक, बैठक दर दोन महिन्यांनी. वरची समिती वर्षातून दोनदा. दोन्ही बाजूंना एकेक पूर्णवेळ समन्वयक नेमा, आणि प्रत्येकाला एक पर्यायी माणूस द्या. बदली झाली की फाइल नव्यानं समजून घेण्यात सहा महिने जातात.

कागदांचे तीन स्तर मनात वेगळे ठेवा. सामंजस्य करार इच्छा सांगतो, पैसा आणि कायदा बांधत नाही. मोजणी, नकाशे, तक्ते यांना तो पुरतो. करार बांधतो, पण त्याला बहुतेक देशांत संसदेची मान्यता लागते. प्रोटोकॉल म्हणजे प्रत्यक्ष नियम: किती परवाने, कुठले मार्ग, विमा कोणाचा, शुल्क किती. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी मोटार वाहन करारावर १५ जून २०१५ रोजी थिंफूत सह्या केल्या. भूतानच्या संसदेच्या वरच्या सभागृहानं त्याला मान्यता दिली नाही, आणि २०१७ मध्ये भूताननं उरलेल्या तिघांना पुढे जाण्यास सांगितलं. छोट्या देशाच्या रस्त्यांवर आणि पर्यावरणावर मोठ्या शेजाऱ्यांच्या ट्रकांचा काय परिणाम होईल, ही तिथली काळजी खरी होती. अशी काळजी सहीनंतर संसदेत निघण्यापेक्षा सहीआधी मोजणीच्या तक्त्यात दिसली पाहिजे: दररोज किती ट्रक, कुठल्या रस्त्यावर, कुठल्या वजनाचे. वरची मर्यादा आणि दर दोन वर्षांनी फेरविचार, एवढी दोन कलमं पुष्कळदा विरोध वितळवतात.

सीमानाक्याचं काम काढलंत तर एकाच थांब्याचा नाका करा. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्यामधला झांबेझीवरचा चिरुंडू नाका डिसेंबर २००९ मध्ये असा सुरू झाला. उत्तरेकडे जाणारा ट्रक झिंबाब्वेत थांबत नाही. दोन्ही देशांचे अधिकारी झांबियाच्या बाजूला एकाच आवारात बसतात आणि त्याला तिथेच निरोप व प्रवेश मिळतो. दक्षिणेकडे जाणाऱ्यासाठी याच्या उलट. इमारत सोपी असते, कायदा अवघड. आपला अधिकारी दुसऱ्या देशाच्या भूमीवर झडती घेऊ शकतो का, अटक करू शकतो का, जप्त माल कोणाचा, शस्त्र बाळगू शकतो का, जमा झालेली रक्कम रोज संध्याकाळी सीमेपार कशी न्यायची? यासाठी दोन्ही संसदांना कायदा करावा लागतो, आणि आवाराची हद्द नकाशावर रेषेनं आखून त्या कायद्याला जोडावी लागते. तपासणीचा क्रमही कायद्यातच हवा: आधी निघणाऱ्या देशाची, ती संपल्याची नोंद झाली की मगच येणाऱ्या देशाची. हस्तांतराचा तो क्षण ठरलेला नसेल, तर पकडलेल्या मालावर दोन्ही बाजू हक्क सांगतात किंवा दोन्ही हात झटकतात. नाक्याच्या वेळा मिनिटापर्यंत सारख्या करा. एक बाजू सहाला बंद आणि दुसरी आठला, तर मधल्या दोन तासांत निघालेले ट्रक रात्रभर निर्मनुष्य पट्ट्यात अडकतात.

पैशाच्या वाटणीत 'आपापल्या जमिनीवर आपापला खर्च' हे तत्त्व सोपं वाटतं, पण फायदा जमिनीच्या प्रमाणात वाटला जात नाही. अमेरिकेतलं डेट्रॉइट आणि कॅनडातलं विंडसर यांच्यामधल्या गॉर्डी हाउ पुलासाठी २०१२ च्या करारानं बांधकामाचा भार कॅनडानं उचलला आणि वसुली टोलमधून ठरली. डेन्मार्क आणि जर्मनी यांच्यामधल्या फेहमर्न बेल्ट या सामुद्रधुनीखालच्या बोगद्यासाठी २००८ च्या तहानं तेच डेन्मार्कनं केलं. जर्मनीकडे आपल्या जमिनीवरचे जोडमार्ग राहिले. ज्याला घाई जास्त, तो जास्त उचलतो, आणि त्यात कमीपणा नाही. मात्र टोलचं चलन, दर बदलण्याचा अधिकार आणि वाहतूक अंदाजापेक्षा कमी झाली तर काय, हे तीन मुद्दे पैशाच्या कलमातच हवेत. अर्थसंकल्पाचं कॅलेंडरही समोर ठेवा. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिलपासून, बांगलादेशाचं जुलैपासून, नेपाळचं जुलैच्या मध्यापासून. संयुक्त कामाची मागणी दोन्हीकडे त्या-त्या वर्षाच्या किमान आठ महिने आधी जायला हवी, नाहीतर एका बाजूचा पैसा खर्ची न पडता परत जातो.

पर्यावरणाबाबत युरोपातल्या १९९१ च्या एस्पो कराराची पद्धत सगळीकडे वापरण्यासारखी आहे: सीमेपार परिणाम होणार असेल, तर आपल्या जनतेला कळवण्याच्या आत किंवा त्याच वेळी शेजाऱ्याला कळवायचं. भाषांतराचा वेळ आणि पैसा त्यात धरा. सारांश नव्हे, हरकती नोंदवता येतील एवढा मजकूर शेजाऱ्याच्या भाषेत द्या.

इतिवृत्ताबद्दल थोडंसं. बैठक संपायच्या आत दोन्ही भाषांत इतिवृत्त तयार करून तिथेच सह्या घ्या. प्रत्येक निर्णयासमोर एकच कार्यालय आणि एकच तारीख. सोबत शब्दसूची ठेवा. 'मंजूर' हा शब्द एका देशात तांत्रिक मान्यतेसाठी वापरतात, दुसऱ्यात निधी मिळाल्यावर; 'क्षमता' कोणी ताशी सांगतं, कोणी दिवसाची. सूची दोन पानांची झाली तरी चालेल, पण प्रत्येक बैठकीत टेबलावर हवी.

शेवटी, मार्ग बंद पडला तर काय, हे मार्ग चालू असतानाच ठरवा. १२ ऑगस्ट २०१७ रोजी जर्मनीत रास्टाट इथे बोगदा खणताना वरचे रूळ खचले आणि ऱ्हाईनकाठचा मुख्य मालमार्ग २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. शेजारच्या फ्रान्समधून लाइन होती. पण तिकडे नेण्यासाठी फ्रेंच बोलणारे आणि तो मार्ग माहीत असलेले चालक, तिथल्या सिग्नल यंत्रणेला चालणारी इंजिनं आणि त्या रुळांवर गाडी सोडायला मोकळ्या वेळा, यातलं काहीही पुरेसं हाताशी नव्हतं. त्यानंतर युरोपातल्या रेल्वेमार्ग व्यवस्थापकांनी अशा प्रसंगांसाठी संयुक्त हस्तपुस्तिका तयार केली. तुमच्या मार्गासाठी अशी चार पानं लिहा: कुठला तुकडा बंद पडला तर कुठला पर्याय, तिथे दिवसाला किती गाड्या मावतात, कुठल्या चालकांना आणि इंजिनांना आधीच परवानगी आहे, आणि निर्णय घेणाऱ्या दोन नियंत्रण कक्षांचे चोवीस तास चालणारे क्रमांक. वर्षातून एकदा सराव करा. सरावाला पुलाचा मधला भाग निवडा: तिथे ट्रक पेटला, तर अग्निशमनाची पहिली गाडी कुठल्या बाजूनं येणार, तिच्या चालकाला पासपोर्ट विचारला जाणार का, आणि तिच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड पलीकडच्या नळाला बसतं का.